येकच हुते

"ताई, कागद आलाय. तेवढा वाचून दावा की."

दारात शालन उभी होती. अंगात कुणीतरी दिलेला दोन मापं मोठा कोट, डोक्याला लोकरीची टोपी, एका हातात शेंगाचटणीची बाटली आणि दुसऱ्या हातात लांबट पाकीट. पाकीट फोडलेलं होतं, पण आतल्या इंग्रजीपुढे तिचा इलाज नव्हता.

खरं तर तिनं माझ्या दारात यायचं नव्हतं आणि मी दार उघडायचं नव्हतं. सहा आठवड्यांपूर्वी तिच्या आश्रयाच्या अर्जाची सुनावणी झाली तेव्हा मी तिची दुभाषी होते, आणि दुभाष्यानं अर्जदाराशी बाहेर संबंध ठेवू नये असा आमचा नियम. पण विनिपेगमध्ये तेव्हा मराठी घरं होती वीस-बावीस. देशी वाण्याच्या दुकानात चौकशी केली की कुणीही माझा पत्ता द्यायचं. शिवाय बाहेर उणे सव्वीस अंश. नियम करणारे काही त्या दिवशी माझ्या दारात उभे नव्हते. मी तिला आत घेतलं आणि चहा टाकला.

सांगोल्याकडच्या एका गावची ही बाई, वय चौतीस. नवरा पोलिसात फौजदार. तो तिला मारायचा. एकदा असं मारलं की तिला डाव्या कानानं कायमचं ऐकू येईनासं झालं. तक्रार कुठे करणार? ठाण्यात सगळे त्याचेच दोस्त. दोनदा ती पुण्याला पळाली, दोन्ही वेळा त्यानं शोधून परत नेलं. तिसऱ्या खेपेला ज्या घरी ती स्वयंपाकाला होती, त्यांच्या लेकीचं बाळंतपण कॅनडात होतं. त्यांनी तिला मदतीला म्हणून इकडे आणलं. सहा महिन्यांनी परत निघायची वेळ आली तेव्हा तिनं या देशाकडे आश्रय मागितला. परत गेले तर जिवंत राहणार नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मी चष्मा लावून वाचायला लागले. पहिल्याच ओळीत होतं की अर्ज फेटाळला आहे.

"काय म्हंत्यात?"

"थांब गं, वाचू दे नीट."

दुसऱ्या पानावर कारणं होती. मी ती वाचली, परत वाचली, आणि चहा उतू गेला तरी उठले नाही. शालनच उठली, तिनं गॅस बंद केला.

"ते म्हणतात, तुझ्या सांगण्यावर विश्वास बसत नाही," मी म्हटलं.

"का वो?"

"लेखी अर्जात तू लिहिलंस, एका माणसानं मारलं. सुनावणीत म्हणालीस, अनेक जणांनी मारलं. यातलं खरं कुठलं, असं विचारतायत."

तिनं उजवा कान माझ्याकडे केला. "काय म्हणला?"

मी पुन्हा सांगितलं.

"अनेक जण? आन् असं म्या कवा म्हणली?" ती चक्क हसली. "येकच हुते की वो."

"एकच?"

"येकच. आमचे हे. दुसरं कोन मारनार मला? येकच हुते."

एकच होते! मी पुण्याला मराठी घेऊन एम.ए. झालेली बाई. एकवचन आणि अनेकवचन मुलांना शिकवून त्यावर पोट भरलेली. आणि त्या दोन शब्दांपाशी माझ्या पायाखालची जमीन सरकली.

सुनावणीत तिला विचारलं होतं, त्या दिवशी कुणी मारलं? ती त्याच्या आधी सासूबद्दल, दिराबद्दल सांगत होती. म्हणाली, "त्येंनी मारलं. त्येंनी कडी लावली आन् पट्टा काढला." मी इंग्रजीत 'दे' म्हटलं. दे, म्हणजे ते सगळे, सासरची मंडळी. तासाभरात ती अकरा वेळा 'त्येंनी' म्हणाली आणि मी अकरा वेळा 'दे' म्हटलं. नंतर ध्वनिमुद्रण ऐकलं तेव्हा मोजलं मी ते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, नवऱ्याला आदरानं 'ते' म्हणतात हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं हो! माझ्या दोन्ही मावश्यांनी जन्मभर तेच केलं. पण मी माझ्या नवऱ्याला विन्या म्हणते. चिडले तर गाढवासुद्धा म्हणते. पट्ट्यानं मारणाऱ्या माणसाला कुणी 'ते' म्हणत असेल, हे माझ्या कानाला सुचलंच नाही. आणि दुभाष्यानं ऐकलं ते तसंच्या तसं दुसऱ्या भाषेत उलथावं, पदरचं काही घालू नये, हे आमच्या प्रशिक्षणात इतकं घोटून घेतलेलं, की 'त्यांनी म्हणजे कुणी?' असं विचारून घेण्याची परवानगी असूनही मी विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही. माझं मराठी चांगलं ना!

दुसरं कारणही त्याच गोत्रातलं. नवऱ्याचं नाव विचारल्यावर अर्जदार बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी कागद मागून त्यावर ते लिहिलं. यावरून त्या काहीतरी लपवत आहेत असं दिसतं.

"नाव कसं घ्यायचं वो सायबाच्या म्होरं?" शालन म्हणाली. "म्हनून लिवलं."

मी तिला काय सांगितलं असेल? सांगितलं की वकीलबाईंकडे जा, पंधरा दिवसांत कोर्टात अर्ज करता येतो. खरं ते सांगितलं नाही. तिनं बशीत ओतून चहा प्यायला, बाटली ओट्यावर ठेवली, म्हणाली, "तुमी हुता म्हनून त्या दिवशी बोलाय तरी आलं मला." आणि गेली.

मी दोन दिवस गप्प बसले. आज लाज वाटते, पण बसले. विन्या दोनदा म्हणाला की भाजीत मीठ नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो शेंगाचटणी पोळीवर घेत होता तेव्हा मी एकदम रडायला लागले आणि त्याला सगळं सांगितलं.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय मग? माझं नाव यादीतून काढतील. बारा वर्षं केलंय मी हे काम."

"आणि तिचं?"

"तिचं काय?"

"तिचं नाव कुठल्या यादीत जाईल?"

मी त्याला गाढवा म्हटलं आणि कोट चढवला.

शालनच्या वकील मार्गारेट क्लासन म्हणजे साठीच्या, उंच, करड्या केसांच्या बाई. त्यांच्या ऑफिसात खुर्च्यांवर फायली आणि फायलींवर मांजर. शालनही आली होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की चूक तिची नाही, माझी आहे.

मार्गारेटनी मांजर खाली ठेवलं. "तुमच्या भाषेत एका माणसाला अनेकवचन लावतात?"

"आदर दाखवायला."

"म्हणजे तो तिला पट्ट्यानं मारतोय, आणि ती आदरानं सांगतेय?"

"हो."

"देवा रे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं, आणि मी शालनला मराठीत सांगत गेले. कोर्ट तिची साक्ष पुन्हा घेणार नाही. ती खरं बोलते की खोटं, हेही कोर्ट ठरवणार नाही. सुनावणी घेणाऱ्या मंडळानं निर्णय घेतला तो नीट घेतला का, एवढंच जज बघणार. नीट नसेल तर सुनावणी पहिल्यापासून दुसऱ्या माणसापुढे होईल. नीट असेल तर तिला विमानात बसवतील.

"म्हंजी मला काय इचारनारच न्हाईत?" शालननं विचारलं.

"नाही."

"मग त्यास्नी कळनार कसं?"

"मी लिहून देणार आहे. चूक माझी म्हणून."

हे मी तिला पहिल्यांदाच सांगत होते. कोणती चूक, कशी झाली, सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. चिडायलाच हवं होतं तिनं. ती म्हणाली, "तुमची कशाची चूक? म्याच नीट बोलली न्हाई," आणि माझा हात धरून बसली. तेव्हा मला फार वाईट वाटलं. मारणाऱ्याची चूक नाही, उलथणाऱ्याची चूक नाही, सगळी हिचीच.

त्या हिवाळ्यात ती दर रविवारी आमच्याकडे यायची. नियम तर मोडलाच होता. ओट्याशी उभी राहून ज्वारीच्या पिठाची भाकरी थापायची, आणि विन्या लाज सोडून तिसरी मागायचा. मी त्याला 'अरे, पुरे' म्हटलं की ती तोंडाला पदर लावून खुदखुदायची.

"ताई, तुमी त्येन्ला अरं म्हनता, त्येन्ला राग न्हाई येत?"

"विचार त्यालाच."

"येतो ना," विन्या म्हणाला. "पण भाकरी खाताना येत नाही."

एकदा मी तिला चिडवलं. "काय गं, तुमच्या खंडोबाला काय म्हणतेस? तू की तुम्ही?"

"खंडोबाला? तूच म्हंत्यात की. देवाला कुनी तुमी म्हनल का?"

"म्हणजे देवाला 'तू' आणि फौजदाराला 'तुम्ही'?"

तिनं भाकरी उलटली. तव्यावर ती फुगली.

"खंडोबानं कवा हात उगारला न्हाई, ताई."

विन्या ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. आयुष्यभर मी मुलांना आदरार्थी अनेकवचन म्हणून शिकवत आले होते. आदर सोडून दुसरं काही त्यात असेल, हे मला त्या तव्यापाशी कळलं.

एप्रिलमध्ये कोर्टात प्रकरण उभं राहिलं. बर्फ वितळून रस्त्यांवर चिखल झाला होता. शालननं इस्त्रीची साडी नेसली होती आणि पायांत बर्फाचे बूट. आम्ही दोघी मागच्या बाकावर बसलो, मी तिच्या उजव्या बाजूला. जज म्हणजे सेंट बोनिफेसकडचे, फ्रेंच घरातले, उतारवयाचे गृहस्थ. त्यांच्यासमोर माझं प्रतिज्ञापत्र होतं. आपली चूक कोर्टात मोठ्यानं वाचली जाताना ऐकणं काही सुखाचं नसतं.

सरकारी वकील तरुण होता, सभ्य होता. म्हणाला, "भाषांतर चुकलं होतं तर अर्जदारानं त्याच वेळी हरकत घ्यायला हवी होती. सहा आठवड्यांनी कागद हातात पडल्यावर नाही."

जज म्हणाले, "भाषांतर इंग्रजीत होत होतं ना? तिला इंग्रजी येतं?"

"नाही, माय लॉर्ड."

"मग हरकत कशाला घ्यायची, हे तिला कोण सांगणार होतं?"

वकिलानं कागद चाळले. मग तो म्हणाला, "तरीही, ज्या माणसापासून जिवाला भीती आहे असं ती म्हणते, त्याच्याबद्दल ती आदरानं बोलेल हे पटत नाही. हे स्पष्टीकरण नंतर सुचलेलं वाटतं."

मार्गारेट उठायला लागल्या. जजनी हातानं थांबवलं. चष्मा काढून पुसला.

"माझी आई माझ्या वडिलांना शेवटपर्यंत 'व्हू' म्हणत होती," ते म्हणाले. "फ्रेंचमध्ये तेही अनेकवचन आहे. माझे वडील चांगले होते असं मी म्हणणार नाही. पुढे चला."

"काय म्हनले?" शालननं कानात विचारलं.

"म्हणाले, त्यांची आईसुद्धा वडिलांना अहो-जाहो करायची."

शालननं जजकडे नीट बघितलं. "माऊलीचे हाल झाले आसतील," ती म्हणाली.

पाच आठवड्यांनी निकाल आला. मंडळाचा निर्णय रद्द, सुनावणी नव्यानं, वेगळ्या सदस्यापुढे. त्याच आठवड्यात मलाही दोन ओळींचं पत्र आलं. माझ्या सेवेबद्दल आभार मानले होते आणि यापुढे तिची गरज नाही असं कळवलं होतं. विन्यानं ते फ्रिजवर लावलं, मी काढून फाडलं.

नवी सुनावणी ऑक्टोबरमध्ये होती. मार्गारेटनी मला आधीच दम भरला. "तिच्या तोंडात एक शब्दही घालायचा नाही. नव्या दुभाष्याला मी आदराची भानगड कळवली आहे. तिनं बोलते तसंच बोलायचं." अर्जदाराला सोबतीला एक माणूस आणता येतं, म्हणून शालननं मला नेलं. अट एकच, मी मागे बसायचं आणि ओठ उघडायचे नाहीत. मला ओळखणारी माणसं हसतील, पण मी ती पाळली.

खोली लहान होती. सदस्य एक बाई, चाळिशीच्या. दुभाषी टोरांटोहून फोनवर, कुणी पुरंदरे म्हणून गृहस्थ. टेबलावरच्या यंत्रातून त्यांचा आवाज यायचा. शालननं यंत्र स्वतःच उचलून उजव्या बाजूला ठेवलं.

गाव, लग्न, सासर, पुणे, सगळं झालं. मग सदस्यबाईंनी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला कुणी मारलं?"

पुरंदऱ्यांनी मराठीत विचारलं.

शालन गप्प. मागून मला तिचा अंबाडा आणि ताठ झालेली मान दिसत होती. यंत्रातली बारीक खरखर ऐकू येत होती. मला ओरडावंसं वाटत होतं, बोल गं, कसंही बोल, 'ते' म्हण, 'हे' म्हण, आता ते समजून घेतील. पुन्हा गप्प राहिलीस तर पुन्हा लिहितील, लपवतेय म्हणून.

"त्येनं," शालन म्हणाली.

तिनं यंत्र आणखी जवळ ओढलं.

"त्येनं मारलं," ती म्हणाली, या वेळी मोठ्यानं. "दत्तात्रय गुलाब लेंडवे. त्येनं कडी लावली. त्येनं पट्टा काढला. त्यो येकटाच हुता."

पुरंदरे एक क्षण थांबले. मग त्यांनी इंग्रजीत सांगितलं. 'ही', इंग्रजीतला 'ही', तो. बरोबर सांगितलं, एकवचन, पुल्लिंग, माझ्यासारखी चूक नाही. सदस्यबाईंनी ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. 'ते' म्हणाली असती तरी पुरंदऱ्यांनी 'ही'च म्हटलं असतं, आणि त्या बाईंनी तेच लिहिलं असतं. त्या खोलीत काय झालं ते शालनला कळलं, मला कळलं, आणि दोन हजार किलोमीटरवर बसलेल्या एका माणसाला कळलं. मी तोंडावर रुमाल धरून रडले. आवाज केला नाही.

निर्णय तिथेच दिला. अर्धा तास बाहेर बसवलं, परत बोलावलं, आणि सदस्यबाईंनी एक लहानसं वाक्य उच्चारलं. पुरंदरे म्हणाले, "तुमचा अर्ज मंजूर झालाय, ताई."

'ताई' हा शब्द इंग्रजीत नव्हता. पदरचं काही घालू नये असा नियम आहे. मी त्या माणसाला आजवर भेटलेले नाही, पण भेटला तर त्याला जेवायला घालीन.

बाहेर आलो तेव्हा वारं सुटलं होतं. बसथांब्याच्या काचेच्या आडोशाला आम्ही उभ्या राहिलो. आणखी एक म्हातारी गोरी बाई बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन.

"ताई," शालन हळूच म्हणाली, "नाव घेतलं म्या."

"ऐकलं मी."

"काय झालं न्हाई की वो!"

"काय होणार होतं?"

"काय की. वाटायचं, कायतरी हुईल." ती जरा थांबली. मग बर्फाच्या ढगांकडे तोंड करून तिनं म्हणून बघितलं, "दत्तात्रय." मग, "दत्तू." मग माझ्याकडे चोरून बघत, "दत्त्या."

"हां," मी म्हटलं.

"दत्त्या!" ती ओरडली. "ए दत्त्या! दत्त्या रं!" आणि तिला इतकं हसू लोटलं की तिनं खांबाला धरलं, आणि मग ती हसतेय की रडतेय ते कळेना. मी तिला त्या मोठ्या कोटासकट मिठीत घेतलं.

बाकावरच्या म्हातारीला काळजी वाटली. "ती बरी आहे ना?" तिनं मला विचारलं. "काय म्हणतेय ती?"

दुभाषी म्हणून मला कुणी प्रश्न विचारला तो हा शेवटचा. मी ऐकलं ते तसंच्या तसं उलथलं. नवऱ्याचं नाव घेतेय. शी इज टेकिंग हर हजबंड्स नेम.

म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. तिच्या भाषेत नवऱ्याचं नाव घेणं म्हणजे लग्न झाल्यावर त्याचं आडनाव लावणं, हे माझ्या लक्षात यायच्या आत ती उठली, हातमोजा काढला आणि शालनचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "काँग्रॅच्युलेशन्स, माय डिअर!"

"काय म्हंत्यात?" शालननं डोळे पुसत विचारलं.

"अभिनंदन म्हणतायत."

शालननं वाकून त्या म्हातारीला नमस्कार केला. बस आली. ती चूक मी दुरुस्त केली नाही.